आत्ताच पिऊन निघालो

मी हे लिहायला बसले तेव्हा माझी मुलगी म्हणाली, ‘मम्मी, आठवणी म्हातारी माणसं लिहितात.’ तिच्या हिशेबाने मी म्हातारीच आहे, त्यामुळे अडचण नाही. लातूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतभर टीव्ही आहे, पण ती पांघरुणात तोंड खुपसून मोबाईलवर काय काय बघत असते, आणि हॉलमध्ये रिमोट घेऊन मी एकटीच बसलेली असते. या शहरात नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण चॅनल मात्र धो धो वाहत असतात. शेतीचे, स्वयंपाकाचे, सोन्याचे दागिने विकणारे, गुडघेदुखीवर तेल विकणारे, ज्या भाषेत मला ‘नमस्कार’ही म्हणता येत नाही त्या भाषेतले. मी बघते दोन, आणि पैसे भरते सगळ्यांचे, कारण पॅकच तसा आहे. मागे कंपनीच्या माणसाला फोन करून म्हटलं, मला नको असलेले काढा. तो म्हणाला, ‘मॅडम, ते काढले तर पॅक महाग पडेल.’ मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. असला व्यवहार मला नवा नव्हता. नको असलेल्यांचा खर्च आपण करायचा आणि वर त्यांनी आपल्यावर उपकार केल्यासारखं बसायचं, हे मी आमच्या घरात टीव्हीची छत्री आली त्या वर्षी पुरेपूर बघितलं होतं.

आमचं गाव लोहा आणि कंधारच्या मधलं, फाट्यावर उतरून आत चालत जावं लागायचं. गाव संपून बौद्धवाडा सुरू होतो त्या वळणावर आमचं घर. त्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, व्यंकटअण्णांचं. अण्णा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, एकेकाळचे सरपंच. सरपंचपद गेलं तरी त्यांच्या आवाजातून ते गेलं नव्हतं. माझ्या लहानपणी रंगीत टीव्ही होता तो त्यांच्याकडे. त्यामुळे पिक्चर क्लिअर आहे की नाही हे आमच्यासाठी अँटेनावर ठरायचं नाही, अण्णांच्या दारात कोण उभं आहे यावर ठरायचं. गावातली पोरं आत सतरंजीवर बसायची आणि वाड्यातली आम्ही पोरं अंगणात गोणपाटावर. आम्हाला कुणी ‘बाहेर बसा’ म्हटल्याचं आठवत नाही. म्हणायची गरजच नव्हती, तेवढं सगळ्यांना पाठ होतं. माझ्या जागेवरून हिरो पूर्ण दिसायचा, हिरोईन अर्धी, कारण तिच्या बाजूला चौकट यायची. ऐन मारामारीत अण्णांच्या घरातलं कुणीतरी शेंगा खात दारात येऊन उभं राहायचं आणि आमचा सिनेमा त्या माणसाच्या पाठीवर संपायचा. पुढे शाळेत मैत्रिणी त्या सिनेमाची गोष्ट सांगायला लागल्या की मला निम्मी नवीन वाटायची.

पप्पा ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. हुद्दा कागदावर लांबलचक होता, ‘पशुधन पर्यवेक्षक’. गावात मात्र त्यांना दोन नावं होती. ढोर आजारी असलं की ‘डॉक्टरसाहेब’, आणि ढोर उठून वैरण खायला लागलं की ‘किसन’. पप्पांना त्याचं काही वाटायचं नाही, निदान ते तसं दाखवायचे नाहीत. मऊ स्वभावाचा माणूस. अडलेल्या गाईच्या कानाशी लागून ते तिची इतकी समजूत काढायचे की आई म्हणायची, ‘माझ्याशी कवा असं बोलले न्हाईत.’ आई, शांता तिचं नाव, तिच्यात मऊपणा होता तो फक्त भाकरीत. बाकी जीभ धारदार, नजर त्याहून. ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी हे आमचं रोजचं जेवण. पण तिचा खरा जीव होता चहात. गवती चहाची पात, ठेचलेलं आलं, दूध अगोदर वेगळं तापवून घेतलेलं. चहा उकळला की त्याचा वास रस्त्यावर जायचा. माझ्या बापाच्या पगारापेक्षा माझ्या आईच्या चहाची आमच्या वाड्यात जास्त ख्याती होती.

पोळ्याच्या तोंडावर पप्पांना पगाराचा फरक मिळाला तेव्हा आईने तांब्याचा हंडा मागितला आणि पप्पांनी रंगीत टीव्ही आणि छत्री आणली. गावात तोवर एक केबल होती, लोह्याहून आलेली, बाभळीवरून बाभळीवर लोंबत. तिच्यात कायम मुंग्या, आणि प्रत्येक माणसाच्या पाठीमागे त्याचंच एक फिकट भूत उभं. लग्नाच्या सीनमध्ये तर कोण नवरा आणि कोण भूत ते कळायचं नाही. नांदेडहून फिटर आला, मोटारसायकलला मागे छत्री बांधून. वाटेत वारा भरून तिने त्याला दोनदा आडवं पाडलं म्हणे. त्याने स्लॅबवर छत्री ठोकली, आभाळाकडे बघत तिचं तोंड इकडे तिकडे फिरवलं, आणि खाली येऊन काळ्या डब्यात एक छोटं कार्ड सरकवलं. ‘ह्या कार्डाला हात लावायचा नाही,’ तो म्हणाला. ‘हे काढलं की सगळं बंद. छत्रीचा जीव ह्यात आहे.’ आईने मान डोलावली. पडद्यावर बातम्या देणारी बाई आली. काचेसारखं चित्र! तिच्या नाकातली चमकी दिसली, कपाळावरचा घाम दिसला. आई म्हणाली, ‘अगं बया, तिच्या डोक्यावर पंखा तरी लावा की!’

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी व्यंकटअण्णा आमच्या दारात. मी जन्मल्यापासून त्यांना आमच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच बघत होते. ‘किसन, बघू दे रे, तुझी छत्री काय दावून राहिली,’ असं म्हणत ते आत आले, पप्पांच्या खुर्चीवर बसले, पंख्याचं बटण स्वतःच वाढवलं आणि बराच वेळ चित्राची तपासणी केली. मग निकाल दिला. ‘रंग लई भडक हाय. आमच्या टीव्हीत कसा मुरलेला रंग ऱ्हातो.’ त्यांच्या टीव्हीत रंग मुरलेला होता हे खरंच, इतका की लाल आणि हिरवा एकमेकांत मुरून गेले होते. पप्पा तरी आनंदाने फुलून गेले होते. आईने पळत जाऊन चहा टाकला, सोनेरी काठाचे नांदेडचे कप काढले, बशा पुसल्या आणि ट्रे घेऊन बाहेर आली. अण्णांनी टीव्हीवरची नजर न काढता हात जोडले. ‘आत्ताच पिऊन निघालो.’

त्या दिवशी आम्हाला खरंच वाटलं. पण अण्णा रोज यायला लागले, आणि रोज आत्ताच पिऊन निघायला लागले. त्यांच्यामागून आणखी माणसं यायला लागली, आणि चहाच्या बाबतीत सगळ्या गावावर एकदम काहीतरी साथ आल्यासारखं झालं. कुणाला पित्त, कुणाचा उपास, कुणाला डॉक्टरने बंद सांगितलेला, कुणी चहा सोडलाच म्हणे, देवाला वाहिला. ज्याने देवाला वाहिला त्याला मी सकाळी एसटी स्टँडच्या हॉटेलात बशीत ओतून भुरके मारताना बघितलं होतं. दुपारी बायका यायच्या. अण्णांच्या बायकोला, सोजरकाकूंना, सीरियलचं भारी वेड. त्या जमिनीवर पदर सावरून बसायच्या, पडद्यावरच्या सासूला मनसोक्त शिव्या द्यायच्या, आणि आई कप घेऊन आली की म्हणायच्या, ‘नगं बाई, आज लई झाला.’ आई भरलेले कप तसेच उचलायची, आणि मागच्या दारी कर्दळ होती तिच्या बुडात ओतायची. ती कर्दळ त्या वर्षी माझ्या उंचीची झाली. गवती चहा, आलं, तापवलेलं दूध. आमच्या जिल्ह्यात इतकी लाडात वाढलेली दुसरी कर्दळ नसेल.

इथे मला अण्णांच्या गोठ्यातल्या कपाबद्दल सांगितलं पाहिजे. पप्पा गावभर ढोरं तपासत फिरायचे आणि सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असायची. अण्णांच्या गोठ्यात भिंतीला एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेला पांढरा कप पालथा ठेवलेला असायचा. तो पप्पांचा. गाईचं काम झालं की पप्पा हात धुवायचे, कोनाड्यातून कप काढायचे, सोजरकाकू घरातून पातेलं आणायच्या आणि उंचावरून त्यात चहा ओतायच्या, पातेलं कपाला लागणार नाही इतक्या उंचावरून. त्यांचा नेम इतका पक्का होता की एक थेंब सांडायचा नाही. चहा पिऊन झाला की पप्पा हौदावर कप विसळायचे आणि परत कोनाड्यात पालथा ठेवून द्यायचे. ज्या हाताने कोपरापर्यंत आत शिरून वासरू बाहेर काढलं त्या हाताला गाईची हरकत नव्हती. मला लहानपणी वाटायचं, पप्पांना तिथे स्वतःचा वेगळा कप आहे म्हणजे केवढा मान. हे मी आईला कौतुकाने सांगितलं होतं. आई भाकरी थापायची थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा थापायला लागली.

तर चॅनलचं. आमचा पॅक साधा होता. बातम्या, मराठी, हिंदी, आणि आईच्या आवडीचं एक जुन्या गाण्यांचं चॅनल. दुपारी भांडी झाली की ती त्याच्यासमोर तांदूळ निवडत बसायची आणि हळू आवाजात गायची. सूर बेताचाच होता, पण त्या वेळी तिच्या कपाळावरची आठी जायची. आता अण्णांनी एक दिवस रिमोट घेऊन खालीवर फिरून बघितलं आणि म्हणाले, ‘किसन, ह्यात खेळाचं न्हाई का? मंग येवढी छत्री कशाला ठोकली?’ पप्पांनी दुसऱ्या दिवशी लोह्याला जाऊन स्पोर्ट्सचा पॅक घातला. मग कुणीतरी कीर्तनाचं चॅनल मागितलं, तेही आलं. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि समोर टीव्हीवर अखंड कीर्तन, ऐकायला सगळं गाव. मला विचाराल तर बुद्धाने ते फार शांतपणे सोसलं. पण महिन्याचा आकडा वाढायला लागला, तेव्हा पप्पांनी काहीतरी कमी करायचं ठरवलं. आईने दुपारी तांदळाचं ताट मांडीवर घेऊन नंबर दाबला, तर निळ्या पडद्यावर अक्षरं आली, ‘हे चॅनल आपल्या पॅकमध्ये उपलब्ध नाही.’

‘माझं गाणं काढलं आन् त्येंचा खेळ घेतला?’ पप्पा घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच तिने विचारलं.

‘अगं, माणसं आपल्या घरी येऊन बसून राहिली,’ पप्पा म्हणाले. ‘आधी कवा आली व्हती का? अण्णा, आन् आपल्या खुर्चीवर! आज बसून राहिले, उद्या चहाबी घेतील. जरा दम धर.’

‘आपली खुर्ची चालती, आपला पंखा चालतो, पडदा चालतो. कपालाच काय काटे हायेत?’

पप्पांची आशा मात्र खरी होती, आणि मला त्यांची दया आज जास्त येते. त्यांना मनापासून वाटत होतं की चित्र पुरेसं स्वच्छ असलं, चॅनल पुरेसे असले, तर एक दिवस समोरचा माणूस विसरून जाईल आणि हात पुढे करून कप घेईल. आईला कुणी विसरून चहा घ्यायला नको होता. तिला तो कळून सवरून घेतलेला हवा होता. आमच्या घरात त्या वर्षी भांडण म्हणाल तर एवढंच होतं.

भारत-पाकिस्तानची फायनल आली. गावची केबल ऐन वेळी बंद, त्यामुळे सगळा लोंढा आमच्याकडे. पप्पांनी सकाळपासून सतरंज्या घातल्या, शेजारून खुर्च्या आणल्या. आईने चहासाठी जयंतीच्या दिवशी काढायचं ते मोठं पातेलं चुलीवर चढवलं. पप्पा तिला म्हणाले, ‘आज घेतील बघ. येवढा येळ बसणार, घसा सुकंल का न्हाई?’ अण्णा आले ते त्यांच्या अहमदपूरच्या जावयाला घेऊन. जावई पोरसवदा, क्रिकेटचा वेडा, दारातूनच स्कोअर विचारत आला. आणि त्याच्यामागे अण्णांचा गडी, त्याच्या एका हातात पाण्याची कळशी आणि दुसऱ्या हातात पिशवी. अण्णांनी पिशवीतून एक मोठा लाल थर्मास काढला आणि स्टीलचे ग्लास काढून आमच्या टीव्हीच्या टेबलावर मांडले. ‘म्हटलं माणसं लई, बाईला कशाला तरास,’ ते पप्पांना म्हणाले. आवाजात अगदी माया.

मी पप्पांच्या तोंडाकडे बघितलं. ते हसत होते, आणि ते हसू पुसायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं. त्या थर्मासचा मला आजही राग येतो. घरातून चहा करून आणलेला, आमच्या चहाच्या वासात बसून प्यायला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने थर्मास बघितला, कळशी बघितली, आत गेली आणि पातेल्याखालचा जाळ कमी केला. पण विझवला नाही.

मॅच रंगत गेली. माणसं खुर्चीच्या काठावर आली, कुणी नख खातंय, कुणी देवाला नवस बोलतोय, एक जण तर दर बॉलला डोळे मिटून शेजाऱ्याला ‘काय झालं’ विचारत होता. शेवटच्या तीन ओव्हर उरल्या, बॉलरने बॉल पँटला घासला, आणि पडदा निळा झाला. ‘कृपया कार्ड घाला.’

एकच कल्ला झाला. त्या कल्ल्यात टीव्हीच्या बाजूला आई उभी होती, एका हाताची मूठ घट्ट मिटलेली.

‘कार्ड गरम झालंय,’ ती म्हणाली.

‘असं कसं गरम व्हतंय?’ मागून कुणीतरी ओरडलं.

‘येवढी माणसं बघू लागल्यावर व्हणार न्हाई का? फिटर सांगून गेलाय, गरम झालं की काढून ठेवायचं. थंड व्हईस्तवर घ्या, चहा घ्या.’

फिटर असलं काही सांगून गेला नव्हता. पण गावात छत्री होती एकच, त्यामुळे तिच्या शास्त्राबद्दल आईशी वाद घालणार कोण? पप्पा ‘अगं, अगं’ करत उठले आणि तिच्या नजरेला नजर भिडताच बसले. मी आतून ट्रे आणला. सोनेरी काठाचे कप, आमच्या वाड्यातून मागून आणलेले कप, पेले, जे होतं ते. ट्रे पहिल्यांदा जावयासमोर गेला. त्याने इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाही. ‘द्या हो बाई, काय असंल ते द्या, पर टीव्ही लावा!’ म्हणत कप तोंडाला लावला, जीभ भाजून घेतली, आणि तशातही ‘चहा झकास हाय की’ म्हणाला. अण्णांचा जावईच प्यायला म्हटल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली. एकाने घेतला, दुसऱ्याने घेतला, मग ट्रे रिकामा झाला आणि मी परत भरून आणला. पित्तवाल्याने घेतला. उपासवाल्याने घेतला. देवाला वाहिला होता त्याने दोन घेतले. सगळे निळ्या पडद्याकडे बघत, फुंकर मारत, घाईघाईने पीत होते. चहाचं इतकं चांगलं पातेलं इतक्या बेचव तोंडांनी कुणी संपवलं नसेल. ट्रे शेवटी अण्णांसमोर आला. थर्मास त्यांच्या मांडीवर होता.

‘मी आत्ताच पिऊन...’

‘म्हाईत हाय अण्णा,’ आई म्हणाली. ‘तुम्ही पोळ्यापासून आत्ताच पिऊन निघालाव.’

कुणीतरी हसलं. बहुतेक जावईच. अण्णा उठले, थर्मास काखेत मारला आणि बाहेर गेले. आईने मूठ उघडली आणि कार्ड डब्यात सरकवलं. तो डबा एकदा बंद झाला की चालू व्हायला आढेवेढे घ्यायचा, आधी कंपनीची निशाणी दाखवायचा, मग थांबा म्हणायचा, मग पुन्हा निशाणी. चित्र आलं तेव्हा शेवटची ओव्हर अर्धी उरली होती. मी रिकामे कप गोळा करत होते म्हणून मला दिसलं. रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत गज धरून अण्णा उभे होते. मान वाकडी करून आत बघत होते आणि पुढे बसलेल्या एकाला दबक्या आवाजात ‘सरक की रे बाजूला’ म्हणत होते. त्या बाजूने किती दिसतं ते मला ठाऊक होतं. बॅट्समन दिसतो, बॉलर नाही. भारत जिंकला तेव्हा घरात नाच सुरू झाला आणि खिडकी रिकामी होती.

आठवडा जायच्या आत अण्णांच्या घरावर छत्री बसली, आमच्याहून मोठी. तिच्या मागोमाग सगळ्या गावात छत्र्या उगवल्या. कुडाच्या घरावर छत्री, गोठ्यावर छत्री, पिठाच्या गिरणीवर छत्री. सगळ्यांची तोंडं आभाळात एकाच दिशेला आणि एकमेकांकडे पाठ. ‘आता घरबसल्या सारं जग’ अशी जाहिरात तेव्हा लागायची. आमच्या गावाने ती फार मनावर घेतली, कारण घरबसल्या सारं जग मिळालं की शेजारच्या घरात जायचं आणि तिथल्या ट्रेला हात जोडायचं कामच उरत नाही. आमच्याकडे कुणी येईना. पप्पांनी खेळाचा पॅक काढला, कीर्तन काढलं, आईचं गाणं परत आणलं. पण आईशी मोकळं बोलेनात. एकदा जेवताना म्हणाले, ‘जोडून ऱ्हायलं व्हतं, तू तोडलंस.’

‘जोडलं काय व्हतं?’ आई म्हणाली. ‘छत्रीचा खांब?’

पप्पा ताटावरून उठले नाहीत, पण भाकरी तशीच ठेवली. मला दोघांचंही पटत होतं आणि त्याने मला रडू येत होतं.

मग एका सकाळी अण्णाच दारात. ‘डॉक्टरसाहेब, लवकर चला.’ त्यांची लालकंधारी गाय अडली होती, अण्णांच्या घरातलं सगळ्यात देखणं जनावर. पप्पांनी पिशवी उचलली, मीही मागून गेले. वासरू आडवं होतं. पप्पा शर्ट काढून मातीत आडवे झाले, सकाळची दुपार झाली, गाय हंबरून हंबरून थकली, आणि पप्पा तिच्या पोटाशी डोकं टेकवून तिची समजूत काढत राहिले. शेवटी वासरू आलं, जिवंत, कान फडफडवत. अण्णांच्या डोळ्यात पाणी आलं, हे मी नाकारणार नाही. पप्पा हौदावर हात धूत होते. सोजरकाकू पातेलं घेऊन आल्या आणि सवयीने कोनाड्यापुढे थांबल्या, पप्पांनी कप काढायची वाट बघत. पप्पांनी हात पुसले, शर्ट घातला, एकेक बटण लावलं.

‘नको वैनी,’ ते म्हणाले. ‘आत्ताच पिऊन निघालो.’

ते सकाळपासून तिथेच होते. गोठ्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं. काकूंच्या हातात पातेलं तसंच राहिलं, आणि अण्णा वासराचं अंग पुसायला इतके वाकले की त्यांचं तोंड दिसेना. पप्पांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. गाईशी बोलायचे त्याच आवाजात बोलले. रस्ता ओलांडून घरी आलो तर आई दारातच. पप्पा म्हणाले, ‘शांता, चहा टाक.’ दोन कप प्यायले, आणि बऱ्याच दिवसांनी तिला म्हणाले, ‘बस ना जरा.’

त्यानंतरची एक दुपार. टीव्हीवर आईची जुनी गाणी चालली होती आणि मी परीक्षेचं पुस्तक उघडून गाणी ऐकत होते. दारात सावली पडली. सोजरकाकू.

‘आमच्या छत्रीत ह्यांनी नुसता खेळ आन् कीर्तन घेतलंय,’ त्या म्हणाल्या. ‘बाईमाणसाचं येक चॅनल न्हाई. रिमोट तर उशाखाली घेऊन झोपून ऱ्हायलेत.’

‘बसा,’ आई म्हणाली.

काकू बसल्या. आई उठून आत गेली आणि दोन कप चहा घेऊन बाहेर आली, एक माझा, एक तिचा. काकूंपुढे तिने काहीच ठेवलं नाही, विचारलंही नाही. आम्ही दोघी प्यायला लागलो. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. काकू पडद्याकडे बघत होत्या, पण गाणं काही त्यांच्या कानात जात नव्हतं.

‘मला न्हाई का?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्ही पिऊन निघाला असाल.’

काकूंनी मान खाली घातली. ‘न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘तशीच आले.’

आई आत गेली. सोनेरी काठाचा कप घेऊन आली. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. काकूंनी ओठ चाटले, आईकडे बघितलं.

‘साखर कमी हाय,’ त्या म्हणाल्या.

आई हसली. इतक्या मोठ्याने तिला हसताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत तिने साखरेचा डबाच आणून काकूंपुढे ठेवला. काकूंनी चमचा भरून घेतली, बशी साफ करून चहा संपवला, आणि गाणं संपल्यावर कप घेऊन उठल्या. आमच्या मोरीत जाऊन बसल्या, तांब्यातलं पाणी घेतलं आणि कप विसळायला लागल्या. किती वर्षं त्यांनी गोठ्यात उभं राहून ते बघितलं होतं. आई मागून गेली आणि त्यांच्या हातातून कप काढून घेतला.

‘ऱ्हाऊ द्या काकू. आमच्यात पाव्हण्याला कप इसळू देत न्हाईत.’

काकू तशाच मोरीत बसून राहिल्या, ओला हात पुढे धरून. आईने तो कप विसळला आणि फळीवर आमच्या कपांच्या शेजारी पालथा ठेवला.